बॅड सेक्टर दिसला की लोकांना घाम फुटायचा, ती सिस्टिम बनवणाऱ्या गॅरी किल्डालची गोष्ट

साल १९८०. रात्र जागून लिहिलेलं पत्र सेव्ह करताना फ्लॉपी ड्राइव्ह खरखरतो आणि स्क्रीनवर एक ओळ येते: बीडॉस एरर, बॅड सेक्टर. आता दोनच पर्याय. कंट्रोल-सी दाबलं तर प्रोग्राम बंद आणि सेव्ह न झालेला मजकूर गेला. एंटर दाबला तर सिस्टिम चूक झालीच नाही असं समजून पुढे जाणार, आणि त्या वेळी डिरेक्टरी लिहिली जात असेल तर अख्खी फ्लॉपी गोत्यात.

ही सिस्टिम होती सीपी/एम, आणि ती लिहिणारा माणूस गॅरी किल्डाल.

गॅरीचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटलचा. पुढे तो कॅलिफोर्नियात माँटेरीच्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवायचा आणि जोडीला इंटेलसाठी काम करायचा. त्याला शुगार्ट कंपनीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, पण तो कॉम्प्युटरला जोडणारा कंट्रोलर काही त्याला जमेना. ड्राइव्ह नुसताच पडून. शेवटी जॉन टोरोडी या मित्राने कंट्रोलर बनवला आणि १९७४ मध्ये सीपी/एम चालू झाली.

तेव्हाच्या ८ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, प्रत्येकावर २६ सेक्टर आणि एका सेक्टरमध्ये १२८ बाइट. सगळं मिळून जेमतेम अडीचशे केबी. आठ सेक्टर मिळून एक ब्लॉक, आणि कोणते ब्लॉक कोणत्या फाइलचे हे डिरेक्टरीत लिहिलेलं. रिकाम्या ब्लॉकची वेगळी यादीच नाही. डिरेक्टरी वाचायची, त्यात जे नाहीत ते मोकळे धरायचे. मेमरी तुटपुंजी असताना हे डोकं भारीच होतं. पण खराब ब्लॉकची नोंद करायला जागा कुठे?

जुगाड वापरणाऱ्यांनीच शोधला. सगळी फ्लॉपी वाचून खराब ब्लॉक हेरणारे छोटे प्रोग्राम आले. ते हे ब्लॉक एका खोट्या फाइलच्या नावावर लावून टाकायचे. डिरेक्टरीत नाव आलं म्हणजे ब्लॉक मोकळा नाही, मग सिस्टिम त्याच्या वाटेला जायची नाही. गॅरीच्या रचनेतली उणीव त्याच रचनेने झाकली गेली.

गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांची डिजिटल रिसर्च कंपनी पॅसिफिक ग्रोव्हमध्ये जोरात होती. १९८० मध्ये आयबीएमची माणसं दारात आली. गॅरी विमान घेऊन कामासाठी बाहेर गेलेला, आणि गोपनीयतेच्या करारावर डोरोथीने सही केली नाही. त्या दिवशी नेमकं काय ठरलं यावर आजही वाद आहे. पण तो मजा मारायला आकाशात फिरत होता, ही अफवा मात्र त्याला आयुष्यभर चिकटली. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टने सीपी/एमच्या धर्तीवर बनलेली एक सिस्टिम विकत घेतली आणि तीच डॉस झाली. पुढे आयबीएमने दोन्ही विकायला ठेवल्या: डॉस ४० डॉलर, गॅरीची २४० डॉलर. गिऱ्हाईक कुठे जाणार?

डॉसकडे ब्लॉकचा वेगळा तक्ता होता, त्यात खराब जागेवर सरळ खूण करता यायची. त्या बाबतीत ती खरंच पुढे होती.

११ जुलै १९९४ ला डोक्याला झालेल्या इजेनंतर गॅरी गेला, वय ५२. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या त्याच्या जुन्या ऑफिसबाहेर स्मृतिफलक बसला आणि त्याच वर्षी सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड लोकांसाठी खुला झाला.