येवल्याची अंबू, साऱ्या देशाची खाष्ट सासू : ललिता पवार

गावात एखादी सासू सुनेला जाच करायला लागली, की तिला हमखास एक नाव पडायचं. ललिता पवार! सिनेमा न बघणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा त्या नावाचा अर्थ कळायचा. पण ही बाई आपल्याच नाशिक जिल्ह्यातली, येवल्याची, हे आज मोबाईलवर सिनेमा बघणाऱ्या किती पोरांना माहीत असेल? तिचा तो बारीक झालेला डावा डोळा जन्माचा नव्हता, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असावं.

१८ एप्रिल १९१६ चा जन्म. माहेरचं नाव अंबू, वडील लक्ष्मणराव शगुन. येवला म्हणजे पैठणीचं गाव, घरोघरी मागाचा खटखट आवाज. लक्ष्मणरावांचा धंदाही रेशमी आणि सुती कापडाचाच. घर खाऊन-पिऊन सुखी होतं, पण पोरींना शाळेत घालायची तेव्हा रीत नव्हती. त्यामुळे अंबू शाळेत काही गेली नाही.

मग सिनेमात कशी गेली? तर पुण्याला. तिथे नानासाहेब सरपोतदारांची सिनेमा कंपनी होती, मुकपट काढायची. मुकपट म्हणजे पडद्यावर माणसं हलतात, बोलत नाहीत. वयाच्या नवव्या वर्षाच्या आसपास ही पोर त्या कंपनीत शिरली. पगार महिन्याला १८ रुपये. पोरीबाळींनी सिनेमात जाणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असं मानायचा तो काळ. पुरुषही लुगडं नेसून बायकांची कामं करायचे. अशा वेळी कापड व्यापाऱ्याच्या घरातली मुलगी तोंडाला रंग लावते, ही काही साधी गोष्ट नव्हती.

आणि ती तिथे नुसती शोभेची बाहुली राहिली नाही. १९३२ च्या ‘कैलास’मध्ये तिने एकटीने तीन भूमिका केल्या. वय सोळा! बोलपट आले तेव्हा कित्येक नट-नट्या मागे पडल्या, कारण बोलता येईना, गाता येईना. ललिताबाईंना दोन्ही येत होतं. स्वतःची गाणी स्वतः म्हणायच्या. १९३८ मध्ये त्यांनी टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या कादंबरीवर ‘दुनिया क्या है’ नावाचा सिनेमा स्वतः काढला. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये काम केलं, मास्टर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये केलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई पंचविशीच्या आत नायिका, गायिका आणि निर्माती झालेली होती. देखणी तर होतीच.

मग १९४२ साल उजाडलं. ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. प्रसंग असा, की भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची. भगवान म्हणजे तेच भगवानदादा, पुढे ‘अलबेला’मुळे घराघरात पोहोचलेले. अंगानं कसलेला, तालमीचा नाद असलेला माणूस. सिनेमातली थप्पड खोटी असते, हात गालाजवळून नुसता फिरवायचा असतो. त्या दिवशी तो हात नेमका बसला, आणि जोरात बसला. बाई कोसळल्या.

मुद्दाम कोणी केलं नव्हतं. पण डाव्या डोळ्याजवळची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूवरून वारं गेलं. आपल्याकडे कोणाचं तोंड असं वाकडं झालं तर माणूस घराबाहेर पडायला लाजतो. इथे तर तोंड हेच पोट भरायचं साधन. दोन-तीन वर्षं औषधपाणी चाललं. चेहरा बराचसा जाग्यावर आला, डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं संपली. वय अवघं सव्वीस.

बैलाचा पाय मोडला की शेतकऱ्याच्या मनात काय होतं ते शेतकऱ्यालाच कळतं. औत जागेवर थांबतं. ललिताबाईंनी औत थांबू दिलं नाही, एवढंच. नायिका नाही तर चरित्र भूमिका. १९४४ मध्ये प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ आला, त्यात त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’ चा ‘मा’ करणारी म्हणून जिची गोष्ट सांगतात तीच राघोबादादांची आनंदीबाई, जिच्या नावावरून नाशिकजवळच्या आनंदवलीचं नाव पडलं असं म्हणतात. येवल्याच्या पोरीला भूमिका मिळाली तीही जिल्ह्याच्याच मातीशी नातं असलेली!

तिथून पुढे तो अधू डोळाच कामाला आला. त्या मान जराशी वाकडी करायच्या, दुसरा डोळाही तसाच बारीक करायच्या, आणि एक शब्द न बोलता समोरच्या सुनेचं काही खरं नाही हे कळायचं. १९५० च्या शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या. देशात हुंडाबंदीचा कायदा झाला १९६१ मध्ये, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे तेव्हा बाया पडद्याकडे बघून बोटं मोडायच्या, शिव्याशाप द्यायच्या. नटीला यापेक्षा मोठी पावती कुठली?

पण त्यांना नुसती खाष्ट सासू म्हणणं हा अन्याय आहे. राज कपूरच्या ‘श्री ४२०’ मधली केळी विकणारी गंगामाई आठवा. फाटक्या लुगड्यातली, तोंडानं फटकळ, पोटात माया. आणि १९५९ चा ‘अनाडी’. हृषीकेश मुखर्जींचा हा सिनेमा. त्यात ललिताबाई मिसेस डिसा नावाची ख्रिश्चन घरमालकीण आहेत. भाडं थकवणाऱ्या भाडेकरू पोराला घालून पाडून बोलतात आणि त्यालाच हातानं जेवायला वाढतात. शेवटी भेसळीचं औषध पोटात जाऊन मरतात, तेही तो पोरगा ज्या मालकाकडे नोकरीला आहे त्याच्याच कंपनीचं औषध. सासूला शिव्या देणारी तीच माणसं इथे डोळे पुसत बाहेर पडली. या कामाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी अजून ‘अनाडी’ पाहिला नसेल त्यांनी मोबाईलवर शोधून जरूर बघावा.

पुढची यादी लांबलचक आहे. ‘जंगली’, ‘प्रोफेसर’, ‘आनंद’. हिंदी, मराठी, गुजराती मिळून सातशेच्या आसपास सिनेमे त्यांच्या नावावर सांगितले जातात. पवार हे आडनाव पहिल्या नवऱ्याचं. तो संसार टिकला नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी लग्न झालं, तरी पडद्यावरचं नाव तेच राहिलं.

आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांना त्या आठवतात त्या मात्र रविवारी सकाळच्या. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. गावात एखाद-दुसरा टीव्ही, त्यासमोर सगळी आळी. लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. आणि पडद्यावर कैकेयीचे कान भरणारी कुबडी मंथरा, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई. हीच मंथरा त्यांनी १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्येही केली होती. नातवंडांनी बघितली ती दुसरी, आज्यांनी बघितली होती ती पहिली. राग दोन्ही पिढ्यांना तेवढाच आला.

शेवटची वर्षं पुण्यात औंधला गेली. तोंडाच्या कर्करोगानं गाठलं होतं. फेब्रुवारी १९९८ मध्ये नवरा आजारपणामुळे दवाखान्यात होता, मुलगा मुंबईला. बंगल्यात बाई एकट्याच. घरच्यांनी फोन लावला तर कोणी उचलेना. दार उघडलं तेव्हा त्यांना जाऊन दोन-तीन दिवस झाले होते. मृत्यूची तारीख २४ फेब्रुवारी १९९८ अशी नोंदलेली आहे.