पंडिता रमाबाई व पुनरुत्थानाची आशा

होडी परत न आल्याचे दुःख काय असते, हे मांडव्यासारख्या बंदरास सांगावयास नको. अशा दुःखातून मनुष्य कशाच्या बळावर उठतो, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचा जन्म १८५८ चा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात तीर्थोतीर्थी भटकत असता तिचे आईबाप गेले, मागोमाग वडील बहीण गेली; १८८० साली बंधू श्रीनिवास गेले; आणि लग्नास दोन वर्षे होतात न होतात तोच, १८८२ साली, पती बिपिनबिहारी पटकीने वारले. पदरी वर्षाच्या आतली मनोरमा.

पुढच्याच वर्षी बाईंनी इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हे धर्मांतर आम्हांस रुचले असे नाही. तथापि ज्या समाजाने विधवेस उंबरठा नाकारला, त्याने रागावण्यापूर्वी थोडी मान खाली घालावी. ख्रिस्त मरणातून उठला, तशी आपली गेलेली माणसेही उठतील, ही त्या धर्माची श्रद्धा होय. तिने अश्रू आटतात असे मात्र नव्हे. लाजराच्या थडग्यापाशी स्वतः ख्रिस्तही रडला, असे शुभवर्तमानात आहे.

मुंबईचे शारदासदन, केडगावचे मुक्तिसदन, १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, हे सर्वांस ठाऊकच आहे. खरी कसोटी म्हातारपणी लागली. जिच्या हाती सारे सोपवावयाचे, ती मनोरमाच जुलै १९२१ मध्ये वारली. बाईंस ऐकू येत नव्हते, शरीर थकलेले. तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चाललेले बायबलाचे सोपे मराठी भाषांतर त्यांनी खाली ठेवले नाही. ते पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले.