संत चोखामेळा

संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीनें महार, म्हणून पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरांत त्यांस मज्जाव होता. बाह्य रूपास भुलूं नये, हें सांगणारा त्यांचा उसाचा अभंग आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ऊस, धनुष्य व नदी या तीन वांकड्या वस्तूंचे दाखले देऊन शेवटीं ते स्वतःस त्याच पंक्तींत बसवितात. ध्रुवपद मात्र दर वेळीं ऐकणारासच प्रश्न विचारतें. त्यांत संताप नाहीं, विनवणीहि नाहीं. शांत निश्चय आहे. इ. स. १३३८ मध्यें गांवकुसाची भिंत अंगावर कोसळून ते वारले. नामदेवांनीं त्यांची समाधि महाद्वारासमोर बांधली. तें द्वार त्यांच्या बांधवांस १९४७ सालीं मोकळें झालें. ध्रुवपदांतील प्रश्न आम्हां सर्वांस आजहि आपलें मन तपासावयास लावितो.