काळ्या ससाण्यामागचा अबोल माणूस

'द माल्टीज फाल्कन' हा चित्रपट मी किती वेळा पाहिला, याची मोजदाद आता ठेवलेली नाही. खुनी कोण, हे पहिल्याच खेपेला कळते. मग रहस्यपटात उरते काय? तरीही १९४१ सालचा हा कृष्णधवल चित्रपट लागला की माझा पाय निघत नाही. घरची मंडळी हसतात. हसोत बापडी! एका काळ्या ससाण्याच्या पुतळ्यासाठी चाललेली ती जीवघेणी धावपळ मला दरवेळी नव्याने बांधून ठेवते. श्रेय दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन आणि नायक हम्फ्री बोगार्ट यांना दिले जाते, ते रास्तच आहे. मला मात्र आठवतो तो मूळ कादंबरीचा लेखक, उंच, किडकिडीत, पांढऱ्या केसांचा डॅशिएल हॅमेट.

हॅमेट १८९४ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात जन्मला. घरची ओढगस्त, त्यामुळे चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. पडेल ते काम करीत १९१५ मध्ये तो बाल्टिमोरला 'पिंकर्टन' या खासगी गुप्तहेर संस्थेत लागला. गुप्तहेर म्हटले की आपल्याला बसल्या जागी माणूस ओळखणारा शेरलॉक होम्स आठवतो. हॅमेटची हेरगिरी पायपिटीची होती. तासन् तास कुणाच्या तरी मागे चालायचे आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला, तिथे फ्लू आणि मग क्षयाने गाठले. रुग्णालयात भेटलेल्या परिचारिकेशी त्याने १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लग्न केले. दोन मुली झाल्या. पण त्यांना संसर्ग नको म्हणून डॉक्टरांनी त्याला वेगळे राहायला सांगितले. फिरतीची नोकरी झेपेना, तेव्हा पोटासाठी त्याने लेखणी उचलली. 'ब्लॅक मास्क'सारखी स्वस्त मासिके शब्द मोजून पैसे देत. तरी या गरजू माणसाने शब्द वाढवले नाहीत, याचे मला आजही नवल वाटते.

१९२९ मध्ये याच मासिकात 'माल्टीज फाल्कन' क्रमशः सुरू झाली आणि १९३० मध्ये पुस्तक निघाले. नायक सॅम स्पेड मनात काय विचार करतो, हे हॅमेट एकदाही सांगत नाही. तो काय करतो, काय बोलतो, एवढेच. जणू कॅमेराच! वॉर्नर ब्रदर्सने दहा वर्षांत या कथेवर तीन चित्रपट काढले. पहिले दोन आज फारसे कुणाला आठवत नाहीत. तिसरा ह्यूस्टनचा पहिलावहिला. जॉर्ज राफ्टने भूमिका नाकारली आणि ती बोगार्टच्या पदरात पडली. ह्यूस्टनने शहाणपणा केला, हॅमेटचे संवाद बव्हंशी तसेच ठेवले.

स्पेडचा भागीदार मारला जातो. तो त्याला फारसा आवडतही नव्हता. तरी त्याच्या खुनाचा हिशेब चुकता करताना स्पेड स्वतःच्या मनाचीही गय करीत नाही. याहून अधिक सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा रविवार बिघडायला नको.

१९३४ नंतर हॅमेटने एकही कादंबरी पुरी केली नाही. पैसा आला, दारू आली, संसार टिकला नाही. तिथे त्याचा हिशेब स्पेडसारखा चोख नव्हता, हेही म्हटले पाहिजे. पण १९४२ मध्ये, ४८ व्या वर्षी, ती खराब फुप्फुसे घेऊन तो पुन्हा सैन्यात भरती झाला आणि अलास्काच्या बर्फाळ अल्यूशियन बेटांवर सैनिकांसाठी वृत्तपत्र चालवू लागला.

खरी कसोटी १९५१ मध्ये आली. कम्युनिस्ट म्हणून पकडलेल्यांना जामीन देणाऱ्या एका निधीचा तो विश्वस्त होता. जामिनावर सुटलेले चार पुढारी फरार झाले. निधीला पैसे देणाऱ्यांची नावे सांग, असे न्यायालयाने फर्मावले. हॅमेट गप्प राहिला. सुमारे पाच महिने तुरुंगात त्याने संडास धुतले, पण एक नाव सांगितले नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या नायकांवरचे रेडिओ कार्यक्रम बंद पडले होते आणि थकलेल्या प्राप्तिकरापायी मिळकतीवर टाच आली.

१० जानेवारी १९६१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. सरकारने तुरुंगात धाडलेल्या या माणसाला, दोन महायुद्धांतला सैनिक म्हणून, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली.