अ‍ॅमॉस अ‍ॅलॉन्झो स्टॅग : क्रीडांगणावरील एक गुरू

खेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते; आणि खेळ म्हणजे केवळ जय मिळविणे, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेतील अ‍ॅमॉस अ‍ॅलॉन्झो स्टॅग या थोर क्रीडाशिक्षकाचे चरित्र अवश्य वाचावे. एखाद्या महाविद्यालयाचा संघ देशभर नावाजला जातो तो कशामुळे, आणि ते नाव लयास जाते ते कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या एकशे दोन वर्षांच्या आयुष्यात सापडते.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या शाळेच्या मैदानावर खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो हातात घेऊन धावता येते, आणि प्रतिपक्षाचे अकरा गडी त्या धावणाऱ्यास धरून खाली पाडतात. हा खेळ तेथील महाविद्यालयांतच वाढीस लागला, आणि म्हणून महाविद्यालयाचा संघ हा त्या देशात मोठ्या अभिमानाचा विषय होऊन बसला आहे.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी संस्थानातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. घरी आठ मुले आणि मिळकत तुटपुंजी, त्यामुळे लहानपणापासूनच कष्टाची सवय जडली. पोटास चिमटा घेऊन या मुलाने शिक्षण चालविले आणि तो येल विद्यापीठात दाखल झाला. पाळक होऊन प्रभूची सेवा करावी हा त्याचा निश्चय होता. बेसबॉलमध्ये चेंडू टाकण्यात येलमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांनी मोठमोठ्या रकमा देऊ केल्या; परंतु त्या धंदेवाईक खेळाभोवतीचे मद्यपानाचे वातावरण त्यास रुचले नाही, आणि गरिबी असूनही त्याने त्या रकमा नाकारल्या. पुढे १८८९ साली संपूर्ण अमेरिकेतील निवडक अकरा फुटबॉलपटूंची पहिली यादी प्रसिद्ध झाली, तीत स्टॅग यांचे नाव होते.

येलमध्ये ईश्वरविद्येचा अभ्यास चालू असताना स्टॅग यांना एक कटू गोष्ट कळून आली. सभेपुढे उभे राहून उपदेश करण्याची हातोटी त्यांच्या अंगी नव्हती. ज्या कार्यासाठी इतकी वर्षे कष्ट काढले तेच आपल्याला साधणार नाही, हे उमगल्यावर एखादा तरुण खचून गेला असता. स्टॅग यांनी मात्र असा विचार केला की, देवाची सेवा व्यासपीठावरूनच करावी लागते असे नाही. तरुणांचे चारित्र्य मैदानावरही घडविता येईल. या विचाराने १८९० साली ते स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत गेले. तेथेच १८९१ च्या डिसेंबरात त्यांचे सहकारी जेम्स नाइस्मिथ यांनी बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. पुढील मार्च महिन्यात शिक्षक व विद्यार्थी यांचा जो सामना झाला त्यात शिक्षक ५-१ असे हरले, आणि शिक्षकांचा तो एकमेव गोल स्टॅग यांचा होता. आज आपली मुले जो बास्केटबॉल खेळतात त्याच्या जन्मकाळचे हे एक साक्षीदार होत.

१८९२ साली शिकागो विद्यापीठ उघडले. त्याचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे गुरू होते. त्यांनी आपल्या शिष्यास शरीरशिक्षण विभागाचा प्रमुख नेमले व त्यास इतर अध्यापकांच्या बरोबरीने सहप्राध्यापकाचा दर्जा दिला. ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. इतर ठिकाणी संघाचा शिक्षक मोसमापुरता येई आणि मोसम संपला की जाई. येथे तो विद्यापीठाच्या कुटुंबातील एक झाला. पहिल्या वर्षी खेळाडू इतके थोडे होते की स्टॅग स्वतः संघात उतरून खेळले. व्यापारी मार्शल फील्ड यांनी मैदानास जागा दिली. पुढे त्या मैदानास स्टॅग यांचेच नाव मिळाले. १८९४ साली स्टेला रॉबर्टसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंनी संघाच्या कामात पतीस जन्मभर साह्य केले.

स्टॅग स्वतः दारू व तंबाखू यांस शिवत नसत, आणि खेळाडूंकडूनही संयमाची अपेक्षा ठेवीत. एकाच ठिकाणी त्यांनी सलग ४१ मोसम शिकविले. शिकागोचा संघ त्या भागातील बड्या विद्यापीठांच्या मंडळात, ज्यास पुढे बिग टेन हे नाव पडले, सात वेळा अजिंक्य ठरला. ३० नोव्हेंबर १९०५ चा सामना तर इतिहासात नमूद आहे. मिशिगन विद्यापीठाचा संघ त्यापूर्वी सलग ५६ सामन्यांत हरलेला नव्हता. शिकागोने त्यास २-० असे हरविले. वॉल्टर एकरसॉल या शिकागोच्या खेळाडूने लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या गड्याने आपल्याच गोलरेषेजवळ घेतला, आणि शिकागोच्या गड्यांनी त्यास रेषेपलीकडे रेटले. तेवढ्यावर सामन्याचा निकाल लागला.

परंतु या जयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिशिगनच्या त्या गड्यास वृत्तपत्रांनी इतका दोष दिला की त्याचा सल त्याच्या मनातून कधीच गेला नाही. इकडे एकरसॉल पुढे क्रीडालेखक म्हणून प्रसिद्धीस आला खरा. पण विद्यापीठाची पदवी त्यास मिळाली नाही. जो संघ विद्येच्या मंदिरात वाढला त्याचा सर्वांत नामांकित गडी विद्येवाचून बाहेर पडला, ही शिकागोच्या कीर्तीस लागलेली उणीव होय. त्याच १९०५ साली देशभर कित्येक खेळाडू मैदानावरील दुखापतींनी प्राणास मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही त्यात लक्ष घालावे लागले. पुढील वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली, जेणेकरून धक्काबुक्की कमी व्हावी. नियम ठरविणाऱ्या समितीत स्टॅग होते.

१९३२ साली स्टॅग सत्तर वर्षांचे झाले. त्या वेळचे तरुण अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना फुटबॉलविषयी आस्था नव्हती. वयाचा नियम पुढे करून विद्यापीठाने स्टॅग यांना निवृत्त केले व मानाचे दुसरे एक काम देऊ केले. ज्यात मुलांशी संबंध नाही असे काम स्टॅग यांना नको होते. सत्तराव्या वर्षी बिऱ्हाड हलवून ते कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे गेले आणि मेथॉडिस्ट मंडळीच्या पॅसिफिक महाविद्यालयात त्यांनी नव्याने आरंभ केला. तेथे संघ लहान, साधने अपुरी. चौदा मोसमांत जयांपेक्षा पराजयच अधिक पदरी आले. तरीही ते निराश झाले नाहीत.

इकडे शिकागोची काय गत झाली? १९३५ साली तेथील जे बरवँगर यास देशातील सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक मिळाले. हेच पारितोषिक पुढे हाइझमन या नावाने प्रसिद्ध झाले. पण एका ताऱ्याने रात्र उजळत नाही. १९३८ साली स्टॅग आपल्या लहानशा पॅसिफिक संघास घेऊन शिकागोला आले, आणि ज्या मैदानास त्यांचे नाव होते त्याच मैदानावर त्यांनी आपल्या जुन्या विद्यापीठास ३२-० असे हरविले. पुढील वर्षी शिकागो मिशिगनकडून ८५-० असे हरले, आणि १९३९ च्या डिसेंबरात विद्यापीठाने हा खेळ बंद केला. २ डिसेंबर १९४२ रोजी त्या मैदानाच्या ओस पडलेल्या प्रेक्षकगृहाखाली एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनी अणूंची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडविली. आज त्या जागी विद्यापीठाचे ग्रंथालय उभे आहे. १९६९ साली शिकागोने पुन्हा संघ उभारला, परंतु ती जुनी भव्यता त्याने मागितली नाही.

स्टॅग यांचे कार्य मात्र थांबले नाही. १९४३ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, देशातील त्या वर्षाचे सर्वोत्तम फुटबॉल शिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला. १९४७ पासून सहा मोसम पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना या लहान महाविद्यालयात त्यांनी आपल्या मुलाच्या जोडीने शिकविले. १७ मार्च १९६५ रोजी स्टॉकटन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावावर ३१४ विजय जमा होते. १९८१ साली पॉल ब्रायंट यांनी ती संख्या ओलांडली.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रावरून संघाच्या मोठेपणाचे मर्म ध्यानी येते. शिकागोस पैसा होता, मैदान होते, नामांकित खेळाडूही होते. पण त्यास थोरवी आली ती संस्थेने खेळास शिक्षणाचे अंग मानले, शिक्षकास गुरूचे स्थान दिले आणि त्या गुरूने एका जागी चाळीस वर्षे मन घातले म्हणून. जेथे ही गाठ सैल झाली, मग ती पदवीवाचून गेलेल्या खेळाडूच्या बाबतीत असो वा आस्था नसलेल्या अध्यक्षांच्या बाबतीत असो, तेथे कीर्तीस तडा गेला. संत पौलाने ख्रिस्ती जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे, ती उगाच नव्हे. पालकांनी मुलास मैदानावर जाऊ द्यावे, आणि मुलाने मैदानावरून परतून पुस्तक उघडावे. जिंकलेल्या सामन्यांचे आकडे कोणी तरी कधी तरी ओलांडतोच. परंतु उपदेश करता येत नाही म्हणून सेवा न सोडणाऱ्या आणि सत्तराव्या वर्षी लहान संघासह पुन्हा आरंभ करणाऱ्या गुरूचा कित्ता पुढील पिढ्यांनी गिरवावा असाच आहे.