वकिलाचे झाले माळी



आपल्या पुरंदर तालुक्यात अंजिराच्या बागा पुष्कळ आहेत. पण आमची स्वतःची जमीन नाही. माझे वडील दुसऱ्यांच्या बागेत रोजाने जातात. गेल्या वर्षी छाटणीच्या वेळी त्यांनी मला अंजिराची एक काडी आणून दिली. मी ती तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली. पावसात डब्यात पाणी साचलं आणि काडी कुजून गेली. मला फार रडू आलं. तेव्हा बाईंनी मला एका थोर माळ्याची गोष्ट सांगितली. तीच मी इथे लिहीत आहे.

त्यांचे नाव जाँ-बाप्तिस्त द ला कँतिनी. त्यांचा जन्म फ्रान्स देशात झाला. शिकून ते वकील झाले. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलाला ते शिकवीत असत. त्या मुलाबरोबर ते इटलीला गेले. तिथल्या बागा पाहून त्यांना झाडांचं वेडच लागलं. मग त्यांनी वकिली सोडली आणि बागकाम धरलं!

पुढे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने त्यांना आपल्या फळबागांचा प्रमुख केलं. १६७८ साली व्हर्सायच्या राजवाड्याजवळ नवी बाग करायचं ठरलं. पण जागा कोणती मिळाली? दलदलीची! तिथल्या तळ्याला लोक घाणेरडं तळं म्हणत. तळं बुजवलं, दुसरीकडून माती आणून टाकली. तरी पाऊस आला की सगळा चिखल व्हायचा आणि झाडं मरायची. कँतिनी खचले नाहीत. त्यांनी वाफे मधे उंच आणि कडेला उतरते केले. साचणारं पाणी चरांतून बाहेर काढलं. १६८३ पर्यंत सुमारे २२ एकरांची बाग उभी राहिली.

राजाला अंजीर फार आवडे. पण तिकडे हिवाळा कडक. म्हणून कँतिनींनी अंजिराची झाडं लाकडी खोक्यांत लावली. थंडीत खोकी आत न्यायची, ऊब आली की बाहेर आणायची. खोक्यातलं झाड छाटून लहानच ठेवायचं, तरी त्याला फळं लागत. नासपतीचं कलम ते बिहीच्या खुंटावर करीत. त्यामुळे झाड ठेंगणं राही आणि फळ लवकर धरी.

१६८८ साली कँतिनी वारले. त्यांनी लिहिलेलं बागकामाचं मोठं पुस्तक १६९० साली छापून निघालं. ते काही त्यांना पाहायला मिळालं नाही. पण त्यांची बाग आजही तिथे आहे.

गोष्ट ऐकून मला माझी चूक कळली. माझ्या डब्याला भोकच नव्हतं! वडिलांनी खिळ्याने डब्याच्या बुडाला भोकं पाडून दिली. मी तळाशी खापऱ्या घातल्या, वर माती आणि कुजलेलं शेणखत भरलं आणि नवी काडी लावली. यंदाच्या पावसात पाणी साचलं नाही. काडीला आता पाच पानं आली आहेत. मी रोज सकाळी उठले की आधी तीच मोजते.

माझे वडील रोज दुसऱ्यांच्या अंजिराच्या पाट्या भरतात. आमच्या डब्यातलं पहिलं अंजीर मी त्यांनाच देणार आहे. मित्रांनो, जमीन नसली तरी डबा असतोच. तुम्हीही एक काडी लावा. पण आधी भोक पाडा बरं का!

— इयत्ता ७ वी