आल्फ्रेड बिने

आल्फ्रेड बिने यांचा जन्म १८५७ साली फ्रान्समधील नीस येथे झाला. आपल्या दोन मुलींचे निरीक्षण करता करता त्यांना बालमनाच्या अभ्यासाची गोडी लागली. बुद्धी शिक्षणाने वाढते, असे ते मानीत. मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य करता यावे, म्हणून १९०५ साली त्यांनी सीमाँ यांच्यासह बुद्धीची कसोटी रचली.

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविणे, हा तिच्यातील एक प्रश्न. भाषा बदलली की वाक्य लांबू शकते, प्रश्न अवघड होऊ शकतो आणि हुशार मूलही मंद ठरू शकते. मग नुसत्या भाषांतराने काय साधणार?

बिने १९११ साली वारले. पुढे १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी सुमारे एक हजार मुलांची परीक्षा घेऊन ही कसोटी इंग्रजीत नव्याने बसविली. मराठी व कन्नड मुलांसाठी तेच कष्टाचे काम व्ही. व्ही. कामत यांनी केले. ते १९३४ साली प्रसिद्ध झाले.